गिली त्रावांगानवर महिनाभर मुक्काम: घोडागाडी, डायविंग आणि चौघांचं वेळापत्रक

सड्यावरची

आम्ही चौघं पुढच्या मे महिन्यात इंडोनेशियात गिली त्रावांगानला महिनाभर मुक्कामाला जातोय. एकाकडे ओपन वॉटरचं (स्कूबाच्या पहिल्या कोर्सचं) कार्ड आहे. एकीने मालवणला स्कूबा केलंय, तिला तिथे पुढचा कोर्स करायचाय. एकीची घोड्यावर मांड पक्की आहे. चौथा गुडघाभर पाण्यापलीकडे जाणार नाही, तो लॅपटॉपवर काम करेल.

हॉटेलांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात. बेटावर रोजचं कसं चालतं ते हवंय. घोडागाडीत बसावं का, डायविंग आणि रपेट एकाच दिवशी जमते का, करंट किती असतो, प्यायचं पाणी कुठलं. जाणकारांनी सविस्तर लिहा.

मातारामकर

बालीच्या पूर्वेला लोंबोक बेट, त्याच्या वायव्येला ही तीन बेटं ओळीने आहेत. पश्चिमेला सगळ्यात मोठं त्रावांगान, मधे मेनो आणि लोंबोकच्या बाजूला आयर. त्रावांगानची किनाऱ्याने पूर्ण फेरी सात किलोमीटरच्या आसपास, रमतगमत चाललात तर दोन तास. तिन्ही बेटांवर पेट्रोलच्या गाड्या नाहीत. पाय, सायकल, घोडागाडी आणि अलीकडे बॅटरीवरच्या दुचाक्या. माथेरान डोळ्यांसमोर आणा, फक्त लाल मातीच्या जागी प्रवाळाची पांढरी वाळू.

'महिनाभर' म्हणालात म्हणून आधी व्हिसा. भारतीयांना विमानतळावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपयाचा (त्यांचा रुपया, आपला नव्हे) आणि ३० दिवसांचा. उतरलेला दिवस हा पहिला दिवस धरतात. मे ३१ दिवसांचा आहे, त्यामुळे १ तारखेला उतरून ३१ ला निघालात तर एक दिवस जास्त होतो आणि दंड माणशी दिवसाला १० लाख. एकदा ३० दिवसांची मुदतवाढ मिळते, पण ती शेवटच्या दिवसांवर ठेवू नका. आठवडाभर आधी हालचाल करा. बालीत उतरणार असाल तर दीड लाखाचा पर्यटन कर वेगळा, तो १४ फेब्रुवारी २०२४ पासून आहे.

यायला दोन वाटा. बालीहून पाडांगबाई किंवा सेरांगानहून स्पीडबोट, दीड ते अडीच तास. किंवा थेट लोंबोकच्या विमानतळावर उतरून गाडीने बांगसाल बंदर, साधारण दोन तास, आणि तिथून लाकडी होडी, जी माणसं भरली की सुटते. बाली-लोंबोकमधल्या सामुद्रधुनीत ज्यांना बोट लागते त्यांनी दुसरी वाट धरावी. जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचा वारा जोरात असतो, मे महिन्यात त्या मानाने बरं असतं.

चाकांची सुटकेस आणू नका. वाळूत ती ओढावी लागते नांगरासारखी. पाठीवरची सॅक आणा.

राहायला पूर्व किनाऱ्यापासून एकदोन गल्ल्या आत बघा. डायविंगची दुकानं, बोटी, बाजार सगळं तिकडेच आणि रस्ताही बऱ्यापैकी पक्का. पश्चिमेला सूर्यास्त सुंदर दिसतो, पण वाळू इतकी सैल की सायकल ढकलत न्यावी लागते. रोज डायविंगची बोट सकाळी पकडायची असेल तर तिकडचा मुक्काम आठवड्यात नकोसा होतो. आत गल्लीत राहिलात तर पहाटेची अजान ऐकू येणारच, सासाक लोकांची मुस्लिम वस्ती आहे. त्याच कारणाने पोहण्याचे कपडे घालून गावातून फिरू नका, वर काहीतरी घाला.

बेटावरच्या विहिरींचं पाणी मचूळ. बऱ्याच स्वस्त खोल्यांत आंघोळीला तेच येतं, साबणाला फेस येत नाही. प्यायला १९ लिटरचे गॅलन मिळतात, रिकामा देऊन भरलेला घ्यायचा. चौघांना उन्हातान्हात दिवसाला १२ ते १५ लिटर धरा.

मोतद्दार

घोडागाडीबद्दल लिहितो. तिथे तिला चिदोमो म्हणतात आणि गाडीवानाला कुसिर. दोन चाकं, तीही मोटारीची हवेची, आणि पुढे एक तट्टू. ही तट्टं लोंबोक, सुंबावा, सुंबा भागातली, उंची साधारण १२० सेंटिमीटर, वजन २०० ते २५० किलो. आपल्याकडच्या मारवाडी घोड्याशी तुलना करू नका.

'बसावं का' याचं उत्तर भावनेत नाही, वाळूत आहे. ढोबळ हिशोब करा. चार माणसं २८० किलो, बॅगा ६०, गाडी आणि कुसिर मिळून दीडशेच्या वर. म्हणजे सगळं मिळून ५०० किलो. पक्क्या सपाट रस्त्यावर हवेच्या चाकांना ओढायला वजनाच्या साधारण २ टक्के जोर लागतो, म्हणजे १० किलोचा. तट्टू दिवसभर टिकून लावू शकतं असा जोर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास, २२-२५ किलो. इथपर्यंत ठीक. तीच गाडी सैल वाळूत गेली की १५ टक्के किंवा त्याहून जास्त लागतो, म्हणजे ७५ किलो. घोडा तेवढा जोर काही पावलं लावू शकतो, अर्धा किलोमीटर नाही. मग चाबूक निघतो.

म्हणून पूर्वेच्या पक्क्या रस्त्यावर दोन माणसं आणि बॅगा ही गोष्ट वेगळी, आणि भर दुपारी चौघं जण सामानासकट पश्चिमेच्या रिसॉर्टवर ही वेगळी.

थंड_चहा

इतका हिशोब कशाला? बसूच नका, विषय संपला. जनावरांचे हाल बघवत नाहीत असं प्रत्येक जण लिहितो आणि शेवटी बॅग जड म्हणून बसतो.

मातारामकर

@थंड_चहा, भावना पटते, पण चित्र अर्धं आहे. तुमची बॅग हा त्या घोड्याच्या कामाचा छोटा भाग. सिमेंट, विटा, गॅसच्या टाक्या, बर्फ, बिअरची खोकी आणि तुम्ही पिता ते १९ लिटरचे गॅलन, सगळं त्याच गाड्यांवर धक्क्यावरून आत जातं. नुसतं न बसल्याने घोड्याचं ओझं फारसं उतरत नाही, कुसिरचं उत्पन्न मात्र उतरतं आणि त्यातून पहिली काटछाट चाऱ्यात होते. घोड्याला खरंच हलकं करायचं असेल तर धक्क्याजवळची खोली घ्या आणि इमारतीचं काम चालू असलेलं चकाचक नवं रिसॉर्ट टाळा.

मोतद्दार

मातारामकरांना अनुमोदन. आणि बसायचंच झालं तर गाडी निवडून घ्या. रांगेतली पहिलीच घेतली पाहिजे असा आग्रह होतो, तेव्हा शांतपणे नाही म्हणता येतं. काय बघायचं ते सांगतो, दोन मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा सरंजाम. छातीपट्टा आणि शेपटीखालची दुमची चामड्याची किंवा रुंद सुती पट्ट्याची असावी. बऱ्याच गाड्यांना नायलॉनची दोरी असते. घाम आणि खारी हवा मिळून त्या दोरीवर मीठ धरतं आणि ती कानशीसारखी कातडी घासते. छातीवर, आयाळ संपते त्या उंचवट्यावर आणि शेपटीच्या मुळाशी केस गेलेले, गुलाबी किंवा ओलसर चट्टे दिसले की ती गाडी सोडा. जखमेवर फडकं बांधून वर तोच पट्टा ओढलेला असेल तर नक्कीच सोडा.

मग घोड्याचा श्वास. आरामात उभ्या घोड्याचा श्वास मिनिटाला ८ ते १६. उन्हातून नुकता आलेला असेल तर जास्त असणारच, पण सावलीत दहा मिनिटं उभा राहूनही ४०च्या वर धापत असेल तर त्याची फेरी संपलेली आहे, कुसिर काही म्हणो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच बसली पाहिजे. दोन सेकंदांहून जास्त घडी राहिली तर पाणी कमी पडलंय. हे अर्थात कुसिरला विचारून, त्याच्यासमोर करा.

खूर: नाल सैल नाही ना, चालताना एक पाय आखडता घेत नाही ना. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून खूर तासावा लागतो. वाळूवर नाल झिजत नाही म्हणून मालक लांबवतात, पण खूर वाढायचा थांबत नाही. पुढचा भाग लांबतो आणि मागच्या कंडरेवर ताण येतो. बाहेरून पाहणाऱ्याला लांबलेला खूर चपलेसारखा पुढे आलेला दिसतो.

सड्यावरची

पाण्याचं काय? माणसांनाच मचूळ पाणी, तर घोड्यांना?

मोतद्दार

हाच खरा प्रश्न आहे, जखमांचे फोटो जास्त फिरतात एवढंच. २२० किलोच्या तट्टाला थंडाव्यात, कामाशिवाय, ११ ते १५ लिटर लागतं. गिलीच्या उन्हात काम करताना त्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त. एवढं गोडं पाणी बेटावर विकत घ्यावं लागतं, म्हणून बादलीत बहुधा विहिरीचं येतं.

घरच्या आरओसाठी वापरतो तो टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) इथे कामाचा. जनावरांना ३००० पीपीएमपर्यंतचं पाणी चालतं. ५००० पर्यंत सवयीने निभतं. ७०००च्या वर घोड्यांना देऊ नये, मूत्रपिंडावर येतं. समुद्राचं ३५,००० असतं. विहीर किनाऱ्याला जितकी जवळ आणि उपसा जितका जास्त, तितका आकडा चढतो, आणि कोरड्या महिन्यांत सप्टेंबर-ऑक्टोबरकडे तो सगळ्यात वाईट असतो. घोडा मचूळ पाणी पोटभर पीत नाही, निम्म्यावर तोंड काढतो. मालकाला वाटतं तहान भागली.

त्यातून दुसरं दुखणं येतं, पोटशूळ. चारा वाळूत टाकला की वाळू पोटात जाते, पाणी कमी म्हणून ती पुढे सरकत नाही. याची परीक्षा सोपी आहे. ताज्या लिदीचे सहा गोळे प्लास्टिकच्या पिशवीत घ्यायचे, पाणी घालून कालवायचे आणि पिशवी वीस मिनिटं टांगून ठेवायची. तळाशी चमचाभर वाळू साचली तर काळजीचं. उपाय म्हणून ईसबगोल देतात, पण तो भरपूर गोड्या पाण्याबरोबर आणि पशुवैद्याच्या सांगण्याने, नाहीतर गोळा होऊन आतच बसतो. खरा उपाय म्हणजे चंदी (दाणा) तोबऱ्यात, तोंडाला बांधायच्या पिशवीत द्यायची आणि गवत चटईवर किंवा गव्हाणीत, जमिनीवर नाही.

पर्यटकांनी घोड्याला स्वतःहून काही चारू नये. मदत करायचीच असेल तर गिली इको ट्रस्ट तिथे घोड्यांसाठी दवाखान्याची शिबिरं भरवते, तिकडे विचारा.

पाणबुड्या

आता पाण्याखालचं. मालवणला 'स्कूबा केलंय' म्हणजे जवळजवळ नेहमी इन्स्ट्रक्टरने मागून सिलिंडर धरून पाच-सात मीटरवर नेलेली चाचणी. मजा असते, पण कोर्समध्ये ती धरत नाहीत. तिला ओपन वॉटर पहिल्यापासून करावं लागेल: तीन-चार दिवस, तलावातला सराव आणि समुद्रात चार डाइव, शेवटी १८ मीटरपर्यंतचं कार्ड. थिअरी ऑनलाइन इथूनच संपवून जा, बेटावर एसीत बसून व्हिडिओ बघण्यात दिवस घालवू नका. न थांबता २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं लागतं. महिनाभर आधीपासून जवळच्या तलावावर जा.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते वैद्यकीय फॉर्मवर. दमा, फिट, हृदय, कानाचं ऑपरेशन, नेहमीची औषधं, यांतल्या मुख्य प्रश्नांना एकही 'हो' आलं तर डॉक्टरच्या सहीशिवाय कुठलंही नेटकं दुकान पाण्यात उतरू देणार नाही. फॉर्म आधीच उतरवून घ्या आणि इथल्या डॉक्टरची सही-शिक्का घेऊन जा. 'नाही' असं खोटं लिहिण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याबरोबर डाइव करू नका.

जागा. पाण्याचं तापमान २७ ते २९ अंश, ३ मिलिमीटरचा सूट पुरतो. मेनो स्लोप आणि आयरजवळचा हान्स रीफ सुरुवातीला. टर्टल हेवनला हिरवी आणि चोचवाली कासवं जवळजवळ हमखास. शार्क पॉइंटला पांढऱ्या टोकाचे रीफ शार्क कपारीत झोपलेले दिसतात, पण जागा मोठी आणि उघडी आहे. मांता पॉइंटच्या नावावर जाऊ नका, मांता (मोठा पाकट मासा) क्वचित. डीप टर्बो ३० मीटरची, ती ॲडव्हान्स्ड हा पुढचा कोर्स झाल्यावर. बाउंटी रेक म्हणजे जहाज नाही, बुडालेला तरंगता धक्का आहे, पण मऊ प्रवाळ छान चढलंय.

वजनाचा पट्टा दुकानदार अंदाजाने देतो आणि नवख्याला जास्तच देतो. ॲल्युमिनियमचं सिलिंडर भरलेलं असताना जड आणि संपत आलं की दोनेक किलोने हलकं होतं, त्यामुळे शेवटच्या पाच मीटरच्या थांब्याला माणूस वर निसटतो. तपासायचं असं: डाइव संपताना सिलिंडरमध्ये ५० बार (हवेचा दाब) उरलेले असताना जॅकेटमधली (तरंगणं सांभाळायला हवा भरतात ते) सगळी हवा सोडा, नेहमीचा श्वास धरा, पाय हलवू नका. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं आणि श्वास सोडल्यावर हळू बुडायला लागलात तर वजन बरोबर. भरलेल्या सिलिंडरने तपासलं तर दोन किलो वाढवा. बहुतेकांचं ४ ते ६ किलोत भागतं. जास्तीचं वजन म्हणजे जॅकेटमध्ये जास्त हवा, आणि दर दोन मीटरला ती हवा सांभाळत बसणं.

कानाला दडा बसला तर जोर लावून फुंकू नका. एक मीटर वर या, सुटेपर्यंत थांबा, मग खाली. सर्दी असेल तर त्या दिवशी बोटीवर बसून राहा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर तळाशी असताना संपला, तर वर येताना आत अडकलेली हवा बाहेर पडत नाही, आणि ते खाली जातानाच्या दुखण्याहून वाईट.

भांगाचं_पाणी

करंटचा प्रश्न कुणी घेतला नाही अजून. लोंबोकची सामुद्रधुनी ही प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात जाण्याची मोठी वाट आहे. त्यावर भरती-ओहोटी चढते आणि बेटांमधल्या अरुंद खाडीत पाणी अक्षरशः नदीसारखं धावतं.

यासाठी कालनिर्णय न्या. खरंच. अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवस उधाणाचं पाणी, जोर सगळ्यात जास्त. अष्टमी-नवमीच्या पुढेमागे भांगाचं पाणी, सगळ्यात शांत. कोर्सचे चार डाइव भांगात बसवा. ड्रिफ्टचा (करंटबरोबर वाहत जाण्याचा) अनुभव घ्यायचा असेल, तोही कार्डवाल्याने, तर उधाणाकडे. दुकानदार अर्थात रोजच बोट काढतो, जागा बदलून. 'आज कुठे' हे विचारण्याआधी 'आज तिथे का नाही' हे विचारा, गाईड कसा आहे ते कळतं.

पाणबुड्या

कालनिर्णयला +१. त्यात भर. पाण्याखालच्या प्रवाळाच्या भिंतीलगत कधी पाणी खाली ओढतं. खूण: बुडबुडे वर जाण्याऐवजी आडवे किंवा खाली जायला लागतात, कान अचानक भरतात, डाइव कॉम्प्युटरवर आकडा पळतो. अशा वेळी सरळ वर पोहायला जाऊ नका, दमछाक होते. मेलेला खडक हाताला लागला तर धरून चढा, नाहीतर भिंतीपासून आडवं लांब पोहा, हा पट्टा बहुधा अरुंद असतो. जॅकेटमध्ये हवा भरावी लागली तर हाताचं बोट हवा सोडण्याच्या बटणावरच ठेवा, कारण ओढ सुटली की तीच हवा गोळीसारखी वर नेते. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत.

प्रत्येकाकडे स्वतःचा सरफेस मार्कर (पाण्यावर उभं राहणारं फुगवायचं नळकांडं) आणि दोरीची रीळ हवी. बेटांमधून स्पीडबोटी धावतात, त्यांना नारिंगी नळकांडं दिसतं, डोकं दिसत नाही. आणि बेटावरून बेटावर पोहत जाण्याची पैज कधीही लावू नका. अंतर समोर दिसतं म्हणून जवळ वाटतं, आणि करंट माणसाला आडवा उघड्या समुद्रात नेतो.

टायटन ट्रिगरफिश हा मासा अंडी राखत असेल तर अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यावर शंकूसारखी वर रुंद होत जाते, म्हणून वर पळू नका, आडवं जा आणि फिन त्याच्याकडे ठेवा.

सड्यावरची

माहितीचा खजिनाच. रपेट आणि डायविंग एका दिवसात? आणि ती घोड्यावर बसणारी मैत्रीण साधारण ७० किलोची आहे, तट्टाला जड होईल का?

मोतद्दार

होईल. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावं हा सर्वसाधारण नियम. २५० किलोच्या तट्टाला ५० किलो. म्हणजे ७० किलोच्या बाईला, खोगिराचे आठ-दहा धरून, ४०० किलोचा घोडा हवा. त्रावांगानवर किनाऱ्याची रपेट देणारे तबेले आहेत. जाऊन उभ्याने बघा, मोठ्या चणीचा घोडा असेल तरच बसा. जो तबेला वजन विचारत नाही तिथे थांबू नका.

वेळ सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. ओहोटीला पाण्याच्या कडेची ओली, घट्ट वाळू असते, तिथेच चालवा. कोरड्या सैल वाळूत दौड म्हणजे कंडरा दुखावायची सोय. प्रवाळाचे तुकडे पसरलेले पट्टे पायी पार करा. घोडा समुद्रात नेण्याचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. नेल्यास खोगीर काढून न्यावा आणि नंतर तंगाखालची (खोगीर आवळणाऱ्या पोटपट्ट्याखालची) जागा गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर वाळलेलं मीठ दुसऱ्या दिवशी कातडी सोलतं. तबेल्यात त्यासाठी गोडं पाणी आहे का हे आधी विचारा. नसेल तर फोटो राहू द्या.

बसण्याआधी तंगात दोन बोटं शिरतात का बघा, आणि दहा पावलं चालवून पुन्हा बघा. बरेच घोडे तंग आवळताना पोट फुगवतात.

पाणबुड्या

डायविंगकडून उत्तर: डाइवनंतर काही तास मेहनतीचं काम टाळायचं असतं, शरीरातला नायट्रोजन निघत असतो. संध्याकाळी पाऊलचालीने अर्धा तास फिरणं चालेल, दौड नको. यात आणखी एक गोम आहे. डीकम्प्रेशन सिकनेसची (नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊन होणाऱ्या त्रासाची) पहिली लक्षणं म्हणजे खांदा-कोपर-गुडघ्यात दुखणं, मुंग्या, विलक्षण थकवा. घोड्यावरून उतरलेल्या माणसालाही नेमकं हेच होतं. मग 'रपेटीमुळे दुखतंय' म्हणत लोक रात्र काढतात आणि उपचाराचे मोलाचे तास जातात. म्हणून रपेट डायविंगच्या दिवसांत घुसवू नका. तीन दिवस डायविंग, मधे एक मोकळा दिवस, मग रपेट, असं ठेवा. तरीही डाइवनंतर चोवीस तासांत सांधा दुखला तर आधी ऑक्सिजन आणि डायविंग विम्याच्या हेल्पलाइनला फोन, कारण शोधणं नंतर. डायविंगचा वेगळा विमा काढाच, साध्या प्रवासविम्यात तो बहुधा नसतो. त्यावर उपचार होतो ते प्रेशर चेंबर बालीत देनपसारच्या सरकारी रुग्णालयात आहे, म्हणजे मधे समुद्र आहे.

विमानाआधी १८ तास मोकळे, चोवीस ठेवलेत तर उत्तम. लोंबोकवरच्या रिंजानी ज्वालामुखीच्या चढाईलाही हाच नियम लावा. तो ३,७२६ मीटरचा, आणि चढाईचं सेम्बालून गावच हजार मीटरच्या वर आहे. डाइव सकाळी आणि ट्रेक दुपारी असं पॅकेज कुणी विकलं तर घेऊ नका. रिंजानी आधी करा, डायविंग नंतर.

थंड_चहा

आणि तो चौथा, गुडघाभर पाण्यातला? त्याला कोणी विचारतच नाही.

मातारामकर

त्याचं बरं चालेल. घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे भारतातली साडेनऊची मीटिंग तिथे बाराला. सकाळ पूर्ण मोकळी. प्लग गोल दोन पिनांचे लागतात, आपले तीन पिनी चालत नाहीत, ॲडॉप्टर घ्या. वीज समुद्राखालच्या केबलने येते आणि कधीकधी जाते, मोठी पॉवर बँक ठेवा. पाण्याशी मैत्री करायची असेल तर मेनोच्या किनाऱ्याजवळ तीन-चार मीटरवर ४८ माणसांचं गोल शिल्प आहे, लाइफ जॅकेट घालून वरून दिसतं. सकाळी आठच्या आत जा, नंतर तिथे पायांचं जंगल होतं.

२०१८च्या ५ ऑगस्टला लोंबोकला ६.९ चा भूकंप झाला, तेव्हा या बेटांवरून माणसं होड्यांनी हलवावी लागली. म्हणून पहिल्याच दिवशी चौघांनी दक्षिणेकडच्या टेकडीची वाट पायी पाहून ठेवा. बेटावर उंच जागा तेवढीच.

शाकाहारी_कासव

खाण्याचं राहिलं. टेम्पे (आंबवलेलं सोयाबीन), टोफू, गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या) सगळीकडे. पण प्लेचिंग कांगकुंग, म्हणजे तिखट चटणीतली नाळीची भाजी, दिसायला शाकाहारी असली तरी चटणीत सुकटीसारखी कोळंबीची पेस्ट असते. 'तान्पा तरासी' (त्या पेस्टशिवाय) म्हणा, ताजी कुटून देतात. आधीच कुटलेली असेल तर नाही म्हणतात, तेव्हा वाद घालू नका. डाइवआधी तळलेलं पोटभर खाऊ नये, रेग्युलेटरमधून (तोंडात धरायच्या श्वासाच्या यंत्रातून) उलटी करता येते पण मजा येत नाही.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक: धक्क्यावर उतरल्यावर चौघांचं सामान ६० किलोच्या आसपास असेल, डायविंगच्या फिन वगैरे धरून. खोली पूर्वेला आत, धक्क्यापासून ७००-८०० मीटर. मग काय करावं?

मोतद्दार

बॅगा गाडीत, माणसं पायी. 'बारांग साजा' म्हणालात की फक्त सामान हे कळतं. भाडं आधी 'बरापा' (किती) म्हणून ठरवा, पूर्ण गाडीचं ठरवा, माणशी नाही, आणि सामान हलकं म्हणून घासाघीस करू नका. तुमच्यातला एक जण गाडीबरोबर चालू द्या, मग तट्टू आपोआप चालीवर राहतं, दौडत नाही. जड बॅगा चाकांच्या आसाच्या थोड्या पुढे ठेवायला सांगा. सगळं मागे रचलं की दांडे वर उचलले जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला कापतो, सगळं पुढे रचलं की तेच ओझं त्याच्या पाठीवर येतं. दांडे जमिनीला समांतर दिसले की निघा.